वर्दी पोचेपर्यंत

साल १८९५. चैत्रातली टळटळीत दुपार आहे आणि तुम्ही चुडाव्यात उभे आहात. मुलूख निजामाचा, कारभार परभणीचा. रेल्वे अजून या बाजूला आलेली नाही. ओढे आटलेत, विहिरींनी तळ गाठलाय. ज्वारी निघाली आहे, खळी उरकली आहेत आणि वर्षभराची वैरण म्हणून कडब्याच्या गंज्या गावाला लागूनच रचल्या आहेत. सधन घरांवर मातीचं माळवद आहे. बाकीची घरं कुडाची, वर पाचटाचं नाहीतर गवताचं छप्पर. वारा पश्चिमेकडून वाहतो आहे.

तुम्हाला धूर दिसतो. कुणी बांधावरची धसकटं पेटवली असतील, असं वाटून तुम्ही दोन पावलं पुढे जाता. मग वावटळ फिरते, पेटता पाचोळा छपरांच्या दिशेने उडताना दिसतो आणि तुम्ही बेंबीच्या देठापासून ओरडता, "आग लागली! धावा!"

आता बघा काय होतं. तुमची हाक शेजारच्या वाड्यातली बाई ऐकते आणि पुढे देते. मारुतीच्या देवळातली घंटा कुणीतरी एकसारखी बडवू लागतं. जागल्या हलगी घेऊन गल्लीतून पळतो. तुम्ही दुसरा श्वास घेईपर्यंत गावाला कळलेलं असतं की आग लागली आहे, कुठल्या बाजूला लागली आहे, कुणाची गंजी पेटली आहे आणि त्या घरात म्हातारी एकटी आहे. पत्ता कुणी विचारत नाही. कुणाच्या गोठ्यात किती जनावरं दावणीला आहेत, हेसुद्धा धावणाऱ्याला ठाऊक असतं. कुणी विळ्याने दावी कापतं, कुणी विहिरीपासून घागरींची रांग लावतं, बायका गोणपाटं भिजवून देतात. एक जाणता म्हातारा पेटलेल्या घराकडे बघतही नाही. तो पुढच्या, अजून न पेटलेल्या घराचं छप्पर ओढून पाडायला सांगतो, कारण वारा तिकडे आहे.

खबर पोचायला लागणारा वेळ जवळजवळ शून्य, आणि खबर पूर्ण. तरीही संध्याकाळपर्यंत निम्मी आळी जळते, कारण आलेल्या माणसांच्या हातात घागरी आहेत आणि विहिरीत पाणी हातभर. मदतीला यावं असं जवळपास दुसरं काही नाही, आणि असतं तरी त्याला कळवण्याची सोय नाही. इथे आवाजाची हद्द हीच मदतीची हद्द आहे.

आता तीस वर्षं पुढे चला. १९२५. हैदराबाद ते मनमाड ही मीटरगेजची गाडी चुडाव्याच्या शिवारातून धावते आहे. पूर्णा जंक्शन झालं आहे, तिथून हिंगोलीकडे फाटा फुटतो. तुम्ही पूर्णा स्टेशनात तारबाबूच्या टेबलापाशी बसला आहात. समोर मोर्सचं यंत्र कडकडतं आहे. खिडकीबाहेर लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या ओळीने टांगल्या आहेत. कोळशाचं इंजिन चालतं तिथे ठिणग्या उडणारच, आणि उन्हाळ्यात रुळाच्या कडेचं वाळलं गवत पेटतं, हे रेल्वेला माहीत आहे.

नांदेडकडून आलेल्या गाडीचा गार्ड उतरतो आणि सांगतो, चुडाव्याच्या बाजूला मोठा जाळ दिसला, वस्तीजवळ वाटतो. तुमचा हात यंत्राकडे जातो. या तारेवरून शब्द हैदराबादला, मनमाडला, मनमाडहून मुंबईला पोचू शकतात. तीस वर्षांपूर्वी हाक शिवाराच्या पलीकडे जात नव्हती. आज ती शेकडो मैल जाईल. पण तुम्ही तार करणार कुणाला? आजूबाजूच्या कुठल्या गावात बंब आहे, जो तुमची तार वाचून निघेल? इथल्या पंचक्रोशीत आगीची खबर घेण्यासाठी नेमलेला एकही माणूस नाही. तुम्ही पुढच्या स्टेशनाला रुळांची काळजी घ्या असं कळवता, कारण तेवढ्याची व्यवस्था आहे. गावाची व्यवस्था नाही. खबर वेगाने जाते एवढ्याने भागत नाही. दुसऱ्या टोकाला ती आपलं काम म्हणून घेणारा कुणीतरी बसलेला असावा लागतो.

मुंबईत असा माणूस आहे. १७ फेब्रुवारी १८०३ ला लागलेल्या आगीत कोटातला मोठा भाग खाक झाला होता. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आग विझवण्याचं काम पोलिसांकडे आलं आणि १८८७ मध्ये ते महापालिकेकडे गेलं. आधी घोडे जुंपलेले बंब रस्त्यावरून धावत होते, १९०७ पासून मोटारीचे बंब आले. शहराने पगार देऊन माणसं ठेवली, ज्यांचं काम एकच होतं, वर्दीची, म्हणजे आगीच्या खबरीची, वाट पाहायची आणि ती येताच निघायचं.

पण माणूस बसवला म्हणजे तो तुमचं ऐकेलच, असंही नाही. त्यासाठी थोडं दूर, लंडनला जाऊ. १० नोव्हेंबर १९३५. विम्पोल स्ट्रीटवरच्या एका डॉक्टरच्या घराला पहाटे आग लागली आहे. तुम्ही समोरच्या घरात राहता. तुमच्याकडे टेलिफोन आहे, शहरात उत्तम अग्निशमन दल आहे. तुम्ही रिसीव्हर उचलता. पलीकडे एक्स्चेंजमधली ऑपरेटर आहे, तिच्यासमोर फलकावर इतरही दिवे लागलेत आणि तुमचा दिवा त्यांतलाच एक. तुमच्या दिव्यामागे आग आहे आणि शेजारच्या दिव्यामागे साधी चौकशी, हे तिला कळायला मार्ग नाही. तुम्ही थांबता. रांगेत. त्या घरात पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. शेजारच्या गृहस्थाने वर्तमानपत्राला संतापून पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा आणि ऑपरेटर हातातलं सोडून तो फोन आधी घ्यायची. जगभरचे असे क्रमांक, आपला १०१ आणि ११२ धरून, याच गरजेतून आले. आगीच्या फोनने रांगेत उभं राहू नये.

आता तुम्ही सर्वांत अवघड जागी पोचणार आहात. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. दुपारचे दोन वाजून गेले आहेत. युद्ध चालू आहे. एस. एस. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज दोन दिवसांपूर्वी कराचीहून येऊन धक्क्याला लागलं आहे. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आहेत, सोन्याच्या विटा आहेत आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं आहेत. असा माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचं असतं. फोर्ट स्टिकिनवर ते लावलेलं नाही. धक्क्यावरून जाणाऱ्याला ते चारचौघांसारखंच एक जहाज दिसतं.

दोन नंबरच्या कोठारातून धूर येऊ लागतो. धक्क्यावर आधीच उभ्या असलेल्या पंपाचे जवान वर चढतात, नळ्या सोडतात. त्या तुकडीत तुम्ही आहात. तुमच्या प्रमुखाला कळतं की खाली दारूगोळा आहे. तो तुम्हाला फोनकडे पिटाळतो. नियंत्रण कक्षाला सांगायचं आहे की ही नेहमीची आग नाही. तुम्ही धावत जाता, रिसीव्हर उचलता, आणि बोट जिथे घालायचं तिथे तबकडीच नाही. हा फोन थेट नंबर फिरवण्याचा नाहीच. तुमच्याजवळ सेकंद आहेत. शेजारी भिंतीवर आगीच्या इशाऱ्याची पेटी आहे. तुम्ही तिची काच फोडता.

इशारा नियंत्रण कक्षात पोचतो. सव्वादोनच्या सुमारास तिथला माणूस नियमाप्रमाणे वागतो. गोदीतून पेटीचा इशारा आला की जेवढे पंप पाठवायचे तेवढे, म्हणजे दोन, तो पाठवतो. तो चुकलेला नाही. पेटीला एकच गोष्ट सांगता येते, की इथे या. काय पेटलं आहे, पोटात काय आहे, किती माणसं लागतील, यातलं काहीच काचेतून जात नाही. तुमच्या प्रमुखाला माहीत असलेली एक ओळ वाटेत गळून पडली आहे.

पुढचे सगळे प्रयत्न त्या हरवलेल्या ओळीचा पाठलाग करत राहतात. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स येतात, आणखी पंप मागवले जातात, शेकडो टन पाणी कोठारात ओतलं जातं. दाट धुरात आगीचं मूळ सापडत नाही. जहाज बाहेर समुद्रात न्यावं की इथेच बुडवावं, याचा निर्णय होत नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट होतो आणि अर्ध्या तासाने त्याहून भयंकर दुसरा. मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. मृतांचा एकूण आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठशेपासून तेराशेपर्यंत दिला जातो. गोदीभोवतीची आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो, तो या जवानांच्या स्मरणार्थ. त्यात त्यांच्या धैर्याविषयी बोललं जातं आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या तबकडी नसलेल्या फोनविषयीही बोलावंसं वाटतं. वेळेवर पूर्ण खबर मिळाली असती तर स्फोट टळलाच असता, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नियंत्रण कक्षातला माणूस अर्ध्या माहितीवर काम करत होता, एवढं नक्की. बंब खबरीच्या मापाने निघतो. खबर तोकडी असेल, तर मदतही तोकडीच येते. आज मुंबईत भायखळ्याच्या मुख्यालयातून आगीला एक, दोन, तीन, चार अशा क्रमांकाच्या वर्दीचा दर्जा दिला जातो आणि प्रत्येक दर्जाबरोबर किती गाड्या, कोणते अधिकारी निघणार हे ठरलेलं असतं. जागेवर पोचलेला अधिकारी एका शब्दात दर्जा वाढवतो आणि पलीकडे सगळं समजतं. पेटीला जे सांगता आलं नव्हतं, ते सांगण्याची ही रीत आहे.

परत चुडाव्यात या. १९८५. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन पंचवीस वर्षं झाली आहेत. घराघरांत वीज आली आहे, मोटेच्या जागी पंप आलेत, ज्वारी-कापसाच्या जोडीला ऊस उभा राहतो आहे. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या जातात. आगीची कारणंही बदलली आहेत. पूर्वी चुलीतली ठिणगी होती, आता फडावरून गेलेल्या ढिल्या तारा आहेत. वारा सुटला की तारेला तार घासते, ठिणगी खाली पाचटावर पडते आणि तोडणीला आलेला ऊस उभा पेटतो.

अशाच एका फडाच्या बांधावर तुम्ही आहात. लोक जमलेत, हिरव्या फांद्यांनी जाळ झोडपत आहेत. "नांदेडला फोन लावा, बंब बोलवा," कुणीतरी ओरडतं. गावात फोन असलाच तर एक-दोन ठिकाणी, आणि ती जागा आत्ता उघडी असायला हवी. तुम्ही सायकल हाणत तिथे पोचता. ट्रंक कॉल बुक करावा लागतो. साधा, अर्जंट की लाइटनिंग, असं विचारलं जातं आणि प्रत्येकाचा दर वेगळा. तुम्ही लाइटनिंग सांगता. लाइन लागायची वाट बघता. तेवढ्यात दुसरा एकजण कंटाळून मोटारसायकलला किक मारतो आणि बंब आणायला स्वतःच नांदेडच्या वाटेला लागतो. त्या काळात खेड्यातली कितीतरी वर्दी अशी दोन चाकांवरून गेली आहे.

लाइन लागते. पलीकडचा माणूस ऐकून घेतो आणि विचारतो, "गाव कुठल्या जिल्ह्यात?" परभणी. मग तो थबकतो. चुडाव्याहून परभणीपेक्षा नांदेड जवळ, पण जिल्हा वेगळा. शिवाय बंब नगरपालिकेचा आणि नगरपालिकेच्या हद्दीसाठी. हद्दीबाहेर पाठवायचा तर वरिष्ठांना विचारायला हवं. तोवर शहरात काही झालं तर? त्याचा प्रश्न खोटा नाही. तुमचा फडही खोटा नाही.

हा पेच पुढे कायद्यातही उतरला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कामांची यादी बाराव्या परिशिष्टात दिली. त्या अठरा विषयांत अग्निशमन सेवा आहे. त्याच सुमाराच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावं परिशिष्ट दिलं. त्यातल्या एकोणतीस विषयांत शेती आहे, पाणी आहे, रस्ते आहेत, पण अग्निशमन नाही. खेड्यातली आग विझवणं हे नेमकं कुणाचं कर्तव्य, याचं सरळ उत्तर म्हणूनच गावकऱ्याला मिळत नाही. ज्याच्या हद्दीत तो राहत नाही, त्याच्या दारात त्याला हाक मारावी लागते.

आता आजच्या दिवसात या, आणि या वेळी बांधावर उभे राहू नका. खुर्चीत बसा, कानाला हेडफोन लावा. नवी मुंबईत महापे इथे ११२ चं मुख्य केंद्र आहे, दुसरं नागपूरला. २०२१ पासून महाराष्ट्रात पोलीस, आग, रुग्णवाहिका यांसाठी हा एकत्रित क्रमांक आहे. चुडाव्याच्या फडातून केलेला फोन इथे, रस्त्याने पाचशेहून अधिक किलोमीटर दूर, तुमच्या कानात वाजतो.

"हॅलो साहेब, आग लागली वो! लवकर या!"

"दादा, गाव कोणतं? तालुका, जिल्हा सांगा."

"अहो, लई पेटलंय साहेब, वारं सुटलंय!"

"हो दादा, गाडी पाठवतो. गावाचं नाव सांगा आधी."

पलीकडच्या माणसाला वाटतं, हा इथे नावगाव काय विचारत बसला आहे. १८९५ मध्ये त्याच्या पणजोबाला हे सांगावं लागलं नव्हतं. पण तुम्हाला गाव माहीत नाही. मोबाइलवरून आलेलं ठिकाण पडद्यावर दिसतं, तरी खेड्यात टॉवर विरळ असले की नकाशावरचा ठिपका दोन शिवारं पलीकडे पडू शकतो. आणि पिंपळगाव, वडगाव अशा नावांची गावं मराठवाड्यात किती आहेत, हे तुम्हाला रोजच्या कामातून कळलेलं आहे. म्हणून तुमचा पहिला प्रश्न नेहमी ठिकाणाचा. लाइन मध्येच तुटली, तर बाकी सगळं राहून गेलं तरी चालेल, ठिकाण राहून चालणार नाही.

"चुडावा, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी."

बोलता बोलता तुमची बोटं चालू आहेत. घटनेची नोंद तयार होते आणि परभणीच्या जिल्हा नियंत्रण कक्षात उघडते. तिथून जवळच्या पोलीस गाडीतल्या पडद्यावर ती जाते आणि अग्निशमन दलाला कळवली जाते. तुम्ही अजून प्रश्न विचारताय. काय पेटलंय, ऊस की गोठा? माणूस कुणी अडकलाय का? जनावरं? घर किती लांब? वरून विजेची तार गेली आहे का? प्रत्येक उत्तराने पलीकडची तयारी बदलते. माणूस होरपळला असेल, तर १०८ ची रुग्णवाहिका लगेच निघायला हवी. तार असेल, तर महावितरणकडून त्या फिडरचा वीजपुरवठा बंद झाल्याशिवाय जवानाने पाण्याची धार सोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

पुन्हा खुर्ची बदला. आता तुम्ही पूर्णा नगर परिषदेच्या बंबापाशी आहात. लहान नगर परिषदांत फोन घेणारा आणि बंबावर चढणारा माणूस अनेकदा एकच असतो. तुमच्यापुढे वर्दीची वही आहे. फोन आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, परतल्याची वेळ. तुम्ही फोन करणाऱ्याला उलट फोन लावून खात्री करता, कारण खोटी वर्दी येते आणि गाडी तिकडे गेली की खरी आग उघडी पडते. गाडी मात्र तोवर सुरू झालेली असते. जाणते लोक खात्री आणि निघणं एकाच वेळी करतात.

तुमचा प्रश्न महाप्याच्या माणसाहून वेगळा आहे. "पाणी कुठं मिळेल?" नेहमीच्या बंबाच्या टाकीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. पंप पूर्ण क्षमतेने चालवला, तर ते दोन-तीन मिनिटांत संपतं. शहरात पुढचा टँकर येतो. चुडाव्याच्या फडात विहीर कुणाची भरलेली आहे, तिथपर्यंत गाडी जाते का, कुणाचा टँकर ट्रॅक्टरला जोडून उभा आहे, हे सांगणारा माणूस लागतो. दुसरा प्रश्न, "फाट्यावर कोण उभं राहील?" पाणंद रस्त्याने नवखा ड्रायव्हर चुकला, तर दहा टनांची गाडी मागे घेण्यातच आग पुढच्या फडात शिरते. तिसरा, "वाटेत रेल्वे फाटक आहे का?" फाटक बंद असेल, तर दुसरी वाट आत्ताच कळायला हवी.

देशाच्या अग्निशमन सल्लागार समितीने ठरवलेल्या निकषांत शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोचावा, असं धरलेलं आहे. ही वीस मिनिटं घड्याळात बघा. आग दिसल्यावर "आपणच विझवू" म्हणत गेलेली पाच. कुणाला फोन करायचा हे विचारण्यात गेलेली तीन. नंबर सापडेना म्हणून नातलगाला, सरपंचाला, ओळखीच्या पोलिसाला केलेल्या फोनांची पाच. पत्ता समजावण्यात दोन. हे आकडे मी उदाहरणादाखल मांडलेत, पण ज्याने गावातली आग पाहिली आहे तो ते खोटे म्हणणार नाही. पंधरा मिनिटं सरली आणि बंबाचं चाक अजून हललेलं नाही. रस्ता खराब, बंब जुना, माणसं कमी, ही गाऱ्हाणी खरी आहेत आणि ती सरकारकडे मांडलीच पाहिजेत. पण ही पंधरा मिनिटं रस्त्यावर गेलेली नाहीत. ती आपल्या हातातली होती.

आपण या प्रवासात तीन गोष्टी जोडत आलो. १८९५ च्या हाकेत माहिती पूर्ण होती, लांब जाण्याचं बळ नव्हतं. १९२५ च्या तारेत बळ होतं, घेणारा नव्हता. १९४४ च्या पेटीला घेणारा होता, मजकूर नव्हता. आज चुडाव्यातल्या माणसाच्या खिशात असलेल्या फोनमध्ये या तिन्हींची सोय आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा घेतली आहे. त्यात एका टोल फ्री क्रमांकावर बोललेला निरोप बोलणाऱ्याच्याच आवाजात गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर एकदम वाजतो. बिबट्या आला, चोर आले, आग लागली, की अख्खं गाव एका मिनिटात जागं होतं. गाव जागं होणं आणि बंब निघणं, दोन्ही एकाच वेळी घडू शकतं. त्यासाठी पैसा थोडा लागतो, तयारी जास्त.

म्हणून चुडाव्याच्या आणि चुडाव्यासारख्या प्रत्येक गावाच्या वाचकाला माझी कळकळीची विनंती आहे. आग दिसताच आधी ११२ किंवा १०१ लावा, मग बादली उचला. गाव, तालुका, जिल्हा या क्रमाने सांगा, मग काय पेटलंय ते, मग कुणी अडकलंय का ते. समोरचा विचारेल तेवढी उत्तरं द्या आणि त्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. तो वेळ घालवत नाही, तो बोलत असतानाच गाडी निघते. एकाला फाट्यावर उभं करा, त्याच्या हातात चालू फोन असू द्या. महावितरणचा १९१२ आणि तुमच्या भागातल्या लाइनमनचा नंबर जवळ ठेवा. पोरांना खोटा फोन करू देऊ नका.

आणि हे आग लागल्यावर ठरवायचं काम नाही. वर्षातल्या ग्रामसभांपैकी एक २६ जानेवारीला असते. ज्वारी तेव्हा रानात उभी असते, गंज्या लागायला अजून अवकाश असतो. त्या ग्रामसभेत अर्धा तास मागून घ्या. पूर्णा आणि नांदेड, दोन्हीकडच्या अग्निशमन दलाचे नंबर पंचायतीच्या, शाळेच्या आणि दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. उन्हाळ्यात पाणी टिकणाऱ्या विहिरींची, टँकरवाल्यांची आणि मोठी गाडी जाऊ शकेल अशा रस्त्यांची यादी करा आणि तिची एक प्रत बंबावरच्या माणसांना स्वतः नेऊन द्या. गावात कधी बंब येईल की नाही, हे आपल्या हातात नाही. तो यायला निघेल तेव्हा त्याला पूर्ण खबर मिळेल, हे मात्र येत्या २६ जानेवारीलाच ठरवता येतं.